आजारपणाचा हिशेब

त्या दिवशी डबा तसाच परत आला.

ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. सकाळी साडेअकराच्या सुमाराला गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज झाला. एवढ्या लवकर कोण आलं म्हणून मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर हे गाडीतून उतरत होते. एका हातात पोळीभाजीचा डबा आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं खोकं. डेट्रॉईटच्या आसपास मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या आहेत. त्यातल्याच एकीत यांची अठरा वर्षं नोकरी झाली होती. कंपनीला माणसं कमी करायची होती. त्या यादीत यांचंही नाव होतं. वय वर्षं साठ.

मी काही विचारलं नाही. डबा उघडला, भाजी गरम केली आणि दोघं जेवायला बसलो. जेवण झाल्यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो पगाराचा नव्हता, की घराच्या हप्त्याचाही नव्हता.

"अहो, विमा कधीपर्यंत आहे, ते विचारलंत का?"

"एकतीस तारखेपर्यंत," हे म्हणाले.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा प्रश्न कदाचित विचित्र वाटेल. नोकरी गेली, तर माणूस आधी घर कसं चालवायचं याचा विचार करेल. पण अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीच्या दोरीला बांधलेला असतो. दोरी तुटली, की विमाही गेला. आणि विम्याशिवाय इथं दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे डोळे मिटून कोऱ्या चेकवर सही करणं. पासष्ट वर्षं पूर्ण झाली की सरकारचं मेडिकेअर मिळतं. आम्हाला त्याला अजून पाच वर्षं होती. यांना चौदा वर्षांपासून मधुमेह, जोडीला रक्तदाब. रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची. मी एका छोट्या माँटेसरी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथं पगार मिळतो, विमा मिळत नाही. मुलगी सिअ‍ॅटलला नोकरी करते. तिचा विमा तिच्यापुरता.

एकतीस तारखेला दहा दिवस उरले होते.

नागाचं नाव

आठवड्याभरात कंपनीकडून जाडजूड पाकीट आलं. वर लिहिलेलं 'कोब्रा'. साप नव्हे, हे एका जुन्या कायद्याचं संक्षिप्त नाव आहे. नोकरी सुटली तरी कंपनीचाच विमा साधारणपणे दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, अशी त्यात सोय आहे. फक्त आजवर कंपनी जो वाटा भरत होती तोही आता आपण भरायचा, आणि वर दोन टक्के कामकाजाचा खर्च. आम्हा दोघांचा आकडा महिन्याला १,६४० डॉलर. हे आकड्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "नाव अगदी बरोबर ठेवलंय."

पण त्या पाकिटात एक बारीक अक्षरातली ओळ होती, ती लेकीने फोनवर समजावून सांगितली. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात काही मोठं दुखणं आलंच, तर तेव्हा पैसे भरून तो उचलता येणार होता. काही झालं नाही, तर पैसे वाचले. हिशेबाला हे बरोबर होतं. पण ते दोन महिने मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. बर्फ पडला की मी यांना फावडं हातात घेऊ देत नव्हते. पाय घसरून हाड मोडलं तर?

दुसरी वाट होती ती मार्केटप्लेसची. लोक जिला 'ओबामाकेअर' म्हणतात ती. हा कायदा २३ मार्च २०१० रोजी झाला आणि विम्याचा हा सरकारी बाजार १ ऑक्टोबर २०१३ ला उघडला. पहिल्याच दिवशी त्याची वेबसाइट इतकी अडकली, की महिनाभर साऱ्या देशात तिची चेष्टा चालली होती. तेव्हा आम्हीही हसलो होतो. आपल्यावर तिची पायरी चढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

त्यापूर्वी स्वतःच्या पैशाने विमा घ्यायला जाणाऱ्या मधुमेही माणसाला बहुतेक राज्यांत कंपन्या सरळ 'नाही' म्हणू शकत असत. २०१४ पासून ते बंद झालं. आता तुम्हाला कोणता आजार आहे यावर नकारही देता येत नाही आणि जास्त पैसेही लावता येत नाहीत. हप्ता ठरतो तो वय, राहण्याचं ठिकाण आणि तंबाखूचं व्यसन यांवर. वयामुळे वाढणाऱ्या हप्त्यालाही कायद्याने लगाम आहे. चौसष्ट वर्षांच्या माणसाला एकवीस वर्षांच्या माणसाच्या तिपटीपेक्षा जास्त दर लावता येत नाही.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आधी झाली ती फजिती. पहिल्याच रात्री यांनी कॉम्प्युटरवर 'स्वस्त आरोग्यविमा' असं शोधलं आणि सरकारी वाटेल अशा एका पानावर नाव, वय, फोन नंबर भरून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन वाजायला लागला तो आठवडाभर थांबला नाही. एक गोडबोल्या तर "आजच घेतलात तर दोनशे डॉलरात दोघांचा" म्हणाला. मी विचारलं, "यांना मधुमेह आहे, तो धरलाय का?" तर क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आधीपासूनचे आजार सोडून बाकी सगळं." तो थोड्या मुदतीचा, मार्केटप्लेसच्या बाहेरचा विमा होता. आम्हाला ज्याची गरज होती, तेवढंच त्यात नव्हतं. तेव्हापासून एक धडा घेतला. सरकारी वेबसाइट एकच. तिच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह' आहे की नाही हे पाहिल्याशिवाय नावसुद्धा टाइप करायचं नाही.

मान खाली

आमच्या गावच्या ग्रंथालयात दर गुरुवारी एक मदतनीस बाई बसायच्या. लोकांना हे फॉर्म भरायला मदत करणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्या पैसे घेत नाहीत आणि कुठल्या कंपनीचा विमाही विकत नाहीत. अशी फुकट मदत देणारी माणसं ठिकठिकाणी असतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मी वेळ ठरवली. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू जा."

"का?"

"सरकारची मदत घ्यायची म्हणजे... मला नाही जमायचं."

मला वाटलं, नोकरी गेल्याचा सल अजून ताजा आहे. पण दोन दिवसांनी रात्री झोपताना हे आपणहून बोलले. सासरे साताऱ्यात एका शाळेत कारकून होते. हे अकरावीला असताना ईबीसीच्या सवलतीचा फॉर्म आला. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना ईबीसी म्हणजे काय हे सांगायला नको. घरचं उत्पन्न कमी असल्याचा दाखला आणायचा आणि मग फी माफ. "बाबा तो फॉर्म भरत होते," हे म्हणाले. "मी समोर उभा होतो. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. मान खाली घालून सगळा फॉर्म भरला. तेव्हाच ठरवलं, की आपल्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. आणि आता साठाव्या वर्षी बघ."

यावर काय बोलणार? मी एवढंच म्हटलं, "त्या फॉर्मवर तुम्ही इंजिनीअर झालात. अठरा वर्षं इथं कर भरलात. गुरुवारी पाच वाजता जायचंय."

गुरुवारी हे आले. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. त्या बाई पन्नाशीच्या, शांत स्वभावाच्या. यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या सगळं लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "सर, ही भीक नाही. ही करात मिळणारी सवलत आहे. वर्षाअखेरी मिळायची ती सरकार दरमहा आधीच विमा कंपनीला देतं, एवढंच." 'करसवलत' हा शब्द ऐकल्यावर हे खुर्चीत जरा सरळ बसले. इंजिनीअर माणसाला नियम कळला, की त्याचं अर्धं दुखणं कमी होतं.

उत्पन्न म्हणजे काय काय?

पहिला प्रश्न होता पुढच्या वर्षाच्या अंदाजे उत्पन्नाचा. मागच्या वर्षाचा नव्हे, येणाऱ्या वर्षाचा. नोकरी गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे पंचांग बघितल्याशिवाय पाऊस सांगायला लावणं! पण बाईंनी कागद घेतला आणि एकेक ओळ लिहायला लावली.

माझा शाळेचा पगार २१,००० डॉलर. यांचा बेकारभत्ता मिशिगनमध्ये तेव्हा जास्तीत जास्त आठवड्याला ३६२ डॉलर आणि तो वीसच आठवडे. त्यातला २०२४ मध्ये पडणारा भाग ३,६००. संध्याकाळच्या कॉलेजात गणित शिकवायचं काम यांना मिळेलसं दिसत होतं, त्याचे ६,४००.

"आणखी काही?" बाईंनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "पुण्याचा फ्लॅट?"

हे माझ्याकडे बघायला लागले. पण अमेरिकेचा कर भरणाऱ्याचं जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न इथं मोजलं जातं. फ्लॅटचं भाडं खर्च वजा जाता ३,६०० डॉलर. साताऱ्याच्या बँकेतल्या सासऱ्यांनी ठेवलेल्या मुदत ठेवीचं व्याज १,४००. इथं राहणाऱ्या आपल्या कित्येक लोकांचं नेमकं हेच राहून जातं. लपवायचं असतं असं नाही, ते 'उत्पन्न' आहे हेच डोक्यात येत नाही. एकूण बेरीज झाली ३६,०००.

हे चकित झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. घर किती किमतीचं, बँकेत किती शिल्लक, निवृत्तीसाठी किती साठवलं आहे, यातलं काही या सवलतीसाठी विचारत नाहीत. विचारतात ते घरात माणसं किती आणि वर्षाचं उत्पन्न किती. त्याची सरकारी दारिद्र्यरेषेशी तुलना करतात. २०२४ च्या विम्यासाठी दोघांच्या घराला ती रेषा १९,७२० डॉलर होती. आमचं उत्पन्न तिच्या सुमारे एकशेब्याऐंशी टक्के. मिशिगनमध्ये ते साधारण २७,००० च्या खाली असतं, तर आम्ही या बाजारात न येता मेडिकेड या सरकारी योजनेत गेलो असतो.

आता सवलतीचा हिशेब. आपल्या भागात मिळणाऱ्या सिल्व्हर प्रकारच्या विम्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त विमा घेतात. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत तुम्ही भरायचं, वरचं सरकार भरतं. आम्हा दोघांसाठी त्या विम्याचा मूळ हप्ता होता महिन्याला सुमारे १,५५०. आमच्या वाट्याला येत होते सुमारे ४०. यांनी तो आकडा बाईंना दोनदा वाचायला लावला.

शून्याचा मोह

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, काम झालं. खरं तर तिथूनच सुरुवात होती.

विमे धातूंच्या नावांनी ओळखतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. धातूवरून उपचारांचा दर्जा ठरत नाही. खर्चाची वाटणी ठरते. ढोबळमानाने ब्राँझमध्ये सरासरी खर्चाचे साठ टक्के कंपनी उचलते, सिल्व्हरमध्ये सत्तर, गोल्डमध्ये ऐंशी, प्लॅटिनममध्ये नव्वद. उरलेलं आपण भरायचं. कंपनीने हात सैल करण्याआधी आपण स्वतः जेवढा खर्च सोसायचा, त्याला म्हणतात डिडक्टिबल. आणि वर्षभरात कितीही आजारी पडलो, तरी विम्यात बसणाऱ्या उपचारांसाठी याच्यापुढे आपल्या खिशातून जाणार नाही, अशी एक कमाल मर्यादा असते. २०२४ साठी कायद्याने ती जास्तीत जास्त माणशी ९,४५० डॉलर ठेवली होती, कुटुंबाला १८,९००.

घरी येऊन हे कॉम्प्युटरपुढे बसले आणि दहा मिनिटांनी मला हाक मारली. "हे बघ. ब्राँझ. हप्ता शून्य!"

खरंच होतं. सवलत एवढी होती, की ब्राँझचा सगळा हप्ता तीतच भागत होता. महिन्याला शून्य डॉलर. नोकरी गेलेल्या घरात शून्य हा आकडा फार गोड दिसतो. पण खाली डिडक्टिबल होतं माणशी ७,५०० आणि कमाल मर्यादा ९,४५०.

"आपण कुठं आजारी पडतोय?" हे म्हणाले. "माझ्या गोळ्या चालू आहेत. साखर ताब्यात आहे. पाच वर्षं काढायची आहेत."

आमचं त्या रात्री भांडण झालं. तीस वर्षांच्या संसारात पैशावरून झालेल्या मोजक्या भांडणांपैकी ते एक. मी म्हणत होते, विमा काय आपण बरं असण्यासाठी घेतो का? हे म्हणत होते, आत्ता हातातले पैसे वाचवायला हवेत. दोघांचंही खरं होतं. मग लेकीने फोनवरून मध्यस्थी केली. तिने एक सोपी रीत सांगितली, ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. प्रत्येक विम्यासाठी दोन बेरजा करायच्या. एक, वर्ष बरं गेलं तर वर्षाचे हप्ते आणि नेहमीच्या औषधपाण्याचा खर्च किती होईल. दुसरी, वर्ष वाईट गेलं तर वर्षाचे हप्ते आणि कमाल मर्यादा मिळून किती होईल. दोन्ही आकडे समोरासमोर लिहायचे. दुसरा आकडा आपल्याला झेपेल का, हे स्वतःला विचारायचं.

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, जी त्या बाईंनी सांगितली होती पण आमच्या डोक्यात शिरली नव्हती. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत असेल तर दुसरी एक सवलत मिळते. तिने हप्ता कमी होत नाही, आजारपणात आपल्या वाट्याला येणारा खर्च कमी होतो. आणि ती फक्त सिल्व्हर घेतलं तरच मिळते. आमच्या उत्पन्नाला कंपनीचा वाटा सत्तरवरून सत्त्याऐंशी टक्के होत होता. म्हणजे आमच्यासाठी सिल्व्हर हे गोल्डपेक्षा भारी होतं! डिडक्टिबल ८०० वर आलं होतं आणि कमाल मर्यादा कायद्यानेच माणशी ३,१५० च्या वर जाऊ शकत नव्हती. ब्राँझ घेतलं असतं, तर ही सगळी सवलत आम्ही टेबलावर सोडून उठलो असतो आणि ती होती हे आम्हाला कळलंसुद्धा नसतं.

राहिली डॉक्टरांची बाब. प्रत्येक विम्याचे डॉक्टर आणि रुग्णालयं ठरलेली असतात. यांच्या मधुमेहाच्या डॉक्टर सगळ्यात स्वस्त सिल्व्हरमध्ये नव्हत्या. वेबसाइटवरच्या यादीत एका ठिकाणी त्यांचं नाव दिसत होतं, पण मी दवाखान्यात फोन करून विचारलं तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "तो विमा आम्ही घेत नाही." छापील यादीवर विश्वास ठेवू नये, हे तेव्हा कळलं. औषधांचंही तसंच. गोळ्यांची नावं एकेक करून कंपनीच्या यादीत शोधली. एक गोळी महागड्या गटात होती. डॉक्टरांना विचारून तिच्याऐवजी दुसरी, त्याच गुणाची गोळी चालेल अशी खात्री करून घेतली. शेवटी डॉक्टर आणि गोळ्या दोन्ही बसतील असा सिल्व्हर विमा ठरला. हप्ता महिन्याला ५८ डॉलर, वर्षाला ६९६.

१५ डिसेंबरच्या आत नाव नोंदवलं तर विमा १ जानेवारीपासून सुरू होणार होता. आम्ही ११ तारखेला रात्री बटण दाबलं. पण बटण दाबून विमा सुरू होत नाही, पहिला हप्ता भरल्यावर होतो. बाईंनी हे तीनदा बजावलं होतं. नाव नोंदवून पहिला हप्ता विसरलेली माणसं त्यांनी पाहिली होती. हप्ता भरल्याची पावती मी फ्रिजवर लावली.

ज्याचा विचार केला नव्हता

२०२४ चा मे महिना. वर्षभराची सगळी आखणी आम्ही यांच्याभोवती केली होती. यांची साखर, यांचे डॉक्टर, यांच्या गोळ्या. माझं काय, मी धडधाकट. माझ्या नावासमोर लेकीने 'वार्षिक तपासणी' एवढंच लिहिलं होतं.

एका रविवारी रात्री पोटात उजव्या बाजूला असं काही दुखायला लागलं, की मला उभं राहता येईना. आधी वाटलं, आंबट ढेकर, पित्त. ओवा खाल्ला, गरम पाणी प्यायले. पहाटे तीनला ताप भरला तेव्हा यांनी मला गाडीत घातलं. पित्ताशयात खडे होते आणि त्याला सूज आली होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी घरी आले.

रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या मी यांच्याकडे बघत होते. यांच्या मनात काय चाललंय हे मला कळत होतं आणि माझ्या मनात काय चाललंय हे यांना. पण त्या वेळी हिशेबाचं कोणीच बोललं नाही. रुग्णालयात शिरताना "हे आपल्याला परवडेल का?" असा प्रश्न मनात आला नाही, त्या रात्री तेवढं पुरेसं होतं. विमा नसता, तर पहाटे तीनपर्यंत नव्हे, मी आणखी एक दिवस ओवा खात बसले असते, हे मी स्वतःला चांगली ओळखते म्हणून सांगते.

दीड महिन्याने कागद आले. मूळ बिल ४६,००० च्या वर. विमा कंपनीने रुग्णालयाशी ठरवलेला दर त्याच्या निम्म्याहून कमी. त्यातला आमचा वाटा २,६४० डॉलर. आमच्या दृष्टीने ही रक्कम काही लहान नव्हती. सहा महिन्यांत विभागून भरली. यांनी मग जुना कागद काढला आणि ब्राँझच्या रकान्यापुढे लिहिलं, ९,४५०. कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "चहा टाकू का?" त्या रात्रीच्या भांडणाची माफी अशी मागितली गेली.

पुढच्या वर्षी कराच्या वेळी अंदाज आणि प्रत्यक्ष यांची गाठ घालावी लागते. यांचं शिकवण्याचं काम वाढल्याने उत्पन्न ३६,००० च्या ऐवजी ३७,८०० झालं होतं. जास्तीची घेतलेली सवलत परत करावी लागली, दीडशे डॉलरच्या आसपास. म्हणून उत्पन्न वाढलं किंवा घटलं की वेबसाइटवर लगेच कळवणं बरं. २०२६ च्या वर्षापासून तर ते फारच जरुरीचं झालं आहे. पूर्वी कमी उत्पन्नाच्या लोकांकडून परत घ्यायच्या रकमेला मर्यादा होती, ती २०२५ च्या कायद्याने काढून टाकली.

बदललेली ही एकच गोष्ट नाही. आम्हाला ४० डॉलरचा जो आकडा दिसला होता, तो २०२१ मध्ये वाढवलेल्या मदतीमुळे. तिची मुदत आधी वाढवून २०२५ अखेरपर्यंत नेली होती. ती पुढे चालू ठेवावी की नाही, या वादात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं होतं. शेवटी ३१ डिसेंबरला मुदत संपली. त्याच ३६,००० उत्पन्नावर दोघांना जिथं महिन्याला ४० पडायचे तिथं २०२६ साठी दीडशेच्या वर पडतात. आणि दोघांचं उत्पन्न ८४,६०० च्या वर गेलं, तर मदत अजिबात नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं उत्पन्न त्या रेषेच्या जरासं पलीकडे आहे. दोघं साठीचे. त्यांच्या घरात आज तीच शांतता आहे, जी आमच्याकडे डबा परत आला त्या दिवशी होती.

सासूबाईंचं कार्ड

शेवटी एक गोष्ट पुण्याची. २९ ऑक्टोबर २०२४ ला भारतात आयुष्मान योजना सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. सासूबाई पंच्याऐंशीच्या, नणंदेकडे राहतात. नणंदेने आधार कार्ड घेऊन त्यांचं नाव नोंदवलं आणि त्यांचा कार्ड हातात धरलेला फोटो पाठवला. फोटोत सासूबाई हसत होत्या.

रविवारी नेहमीप्रमाणे फोन झाला. हे थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच विचारलं, "आई, सरकारचं कार्ड घेताना तुला काही वाटलं नाही?"

"वाटायचंय काय त्यात?"

"नाही, बाबांना किती वाटलं होतं. माझा ईबीसीचा फॉर्म भरताना मान वर केली नव्हती त्यांनी."

तिकडून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. "अरे, मान काय वर करणार? चष्मा फुटला होता त्यांचा. नवा करायला पहिल्या तारखेपर्यंत थांबायचं होतं आणि फॉर्मची मुदत आधी संपत होती. नाक कागदाला टेकवून लिहीत होते. एक अक्षर चुकलं तर पोराची फी जाईल म्हणून दोन वेळा तपासला तो फॉर्म."

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. सासूबाईंना वाटलं, फोन कटला. त्या "हॅलो, हॅलो" करत राहिल्या.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात आमचा फॉर्म यांनीच भरला. मी विचारायच्या आत फ्लॅटचं भाडं आणि साताऱ्याचं व्याज लिहून मोकळे झाले होते. आता दर गुरुवारी संध्याकाळी हे ग्रंथालयात जातात. त्या बाईंच्या शेजारी बसून, नुकती नोकरी गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना दोन बेरजा करायला शिकवतात. पहिल्यांदा येणारा माणूस बहुतेकदा खाली बघत असतो. हे त्याच्यापुढे कागद सरकवतात आणि विचारतात, "चष्मा आणलाय ना?"